डायव्हिंगचा रेग्युलेटर घ्यायच्या आधी
भाऊ, लातूरहून तारकर्ली-अंदमानलाच स्कूबा डायव्हिंग करायचं असेल तर थंड पाण्याचा महागडा रेग्युलेटर (टाकीतली हवा श्वासाला देणारं यंत्र) कशाला? पण आइसलँडच्या सिल्फ्राचं, म्हणजे डायव्हिंगच्या त्या पाण्याने भरलेल्या भेगेतलं, पाणी २ ते ४ अंश असतं. तिथं सीलबंद डायफ्रॅमवालाच (आत पाणी शिरू न देणाऱ्या पडद्याचा) पाहिजे. टाकीतली दाबाची हवा पसरताना गार होते, पाणी शिरलेलं असलं की आत बर्फ धरतो, झडप उघडीच राहते आणि हवा भसाभसा सुटते. रेग्युलेटरच्या अंगावर 'ईएन २५०' (युरोपचं मानक) सोबत '>१०°' असा शिक्का असला तर तो १० अंशांवरच्या पाण्याचा, थंडीचा नाही, दुकानदार काही का म्हणेना. सिल्फ्राच्या काठावर उगाच रेग्युलेटर तोंडात धरून श्वास घेऊ नको, तिथंही आत बर्फ धरतो. टाकीचा जोड डिन (आट्यांनी बसणारा) घे, योकचा (वरून आवळणाऱ्या जोडाचा) अडॅप्टर बॅगेत ठेव. वजन बघच, पण सर्व्हिसिंग कुठं होतं ते आधी विचार. आपल्याकडं हातपंप दुरुस्त करणारा गावोगाव सापडेल, याचा नाही.