परिचयाच्या आठ ओळी

सदाशिव पेठ, पुणे

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

पुढील महिन्यापासून मासिकात सुरू होणाऱ्या तुझ्या सदरासोबत छापावयाचा परिचय पोहोचला. मी तो दोनदा वाचला आणि दोन्ही वेळा तू त्यात मला सापडली नाहीस, म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहीत आहे. आठ ओळींपैकी पहिल्या तीन ओळींत तुझे यजमान, सासर आणि मुलगी आहेत, पुढच्या दोन ओळींत पदव्या आहेत, सहाव्या ओळीत वाचन, भटकंती आणि पाककला हे छंद आहेत, आणि उरलेल्या दोन ओळी ‘मी काही मोठी लेखिका नाही, वाचकांनी सांभाळून घ्यावे’ या विनवणीत खर्ची पडल्या आहेत. यातले काहीही खोटे नाही. परंतु कर्वेनगरापासून कोंढव्यापर्यंतच्या कोणत्याही इमारतीत निम्म्या दारांवर ही पाटी लावली, तरी ती चुकीची ठरणार नाही.

हा दोष तुझ्या एकटीचा नाही. लग्नात किंवा हळदीकुंकवाला बाईला सर्वांसमोर उभे करून ‘नाव घे’ असा आग्रह होतो आणि ती उखाण्यात गुंफून जे नाव घेते ते तिचे स्वतःचे नसते. चारचौघांत स्वतःबद्दल बोलण्याची तालीम आपल्याला मिळते ती अशी, दुसऱ्याच्या नावावरून. माझा पहिला लेख एका दिवाळी अंकात आला तेव्हा मीही परिचयाची सुरुवात ह्यांच्या हुद्द्याने केली होती. लेख आवडल्याची तीन पत्रे आली, त्यांपैकी दोन ह्यांच्या नावे होती आणि एकात तर ‘वहिनींना लिहिते केल्याबद्दल’ ह्यांचे अभिनंदन केले होते. ते पत्र ह्यांनी अजून जपून ठेवले आहे आणि प्रसंग पाहून बाहेर काढतात. रमाबाई रानडे यांच्या १९१० साली प्रसिद्ध झालेल्या आठवणींच्या शीर्षकातही ‘माझ्या’ नव्हे, ‘आमच्या आयुष्यातील’ असे शब्द आहेत. मात्र तिथे न्यायमूर्तींची आणि त्यांची अशी दोघांची कहाणी सांगायची होती, त्यामुळे ते ‘आमच्या’ नेमके होते. तुझे सदर तुझ्या संसाराविषयी नाही, म्हणून तुझ्या परिचयातले ‘आम्ही’ जागा अडवून बसले आहे.

क्षमायाचनेविषयी जरा अधिक लिहिते, कारण ती मोडायला सर्वांत कठीण जाते. ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्रीपुरुष तुलना’ १८८२ साली इथे पुण्यातच छापले गेले. बुलढाण्याच्या या बाईंनीही प्रस्तावनेत आपला हा लेखनाचा पहिलाच प्रयत्न आहे आणि आपण घराच्या चौकटीत कोंडलेली बाई आहोत, असे सांगून ठेवले आहे. पण ते वाचताना वाचकाला त्यांची कीव येत नाही, कारण ती कोंडी हाच त्यांच्या पुस्तकाचा विषय आहे आणि पुढच्या पानांवर त्या पुरुषांना जाब विचारायला उभ्या राहतात. त्याच्याही आधी, १८५५ साली, जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मुलीचा निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. तीही स्वतःला दीनदुबळी म्हणवते, परंतु मांग-महारांच्या ज्या दुःखाविषयी ती लिहिणार आहे ते तिच्या स्वतःच्या लोकांचे आहे, हे सुरुवातीलाच स्पष्ट होते. आपण कोण आणि कशाविषयी बोलणार, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे तिथे एकमेकांत मिसळलेली आहेत. तुझ्या विनवणीतून मात्र वाचकाला एवढेच कळते की पुढे वाचले नाही तरी चालेल.

मग लिहायचे काय, असे तू विचारशील. आपल्या शहरातील देवळांची नावे आठवून पाहा. जिलब्या मारुती, पासोड्या विठोबा, डुल्या मारुती, खुन्या मुरलीधर. शेजारी जिलबीचे दुकान होते म्हणून जिलब्या आणि जवळ पासोड्या विकल्या जात म्हणून पासोड्या, असे जुनी माणसे सांगतात. यांतल्या एकाही देवाला पुणेकरांनी ‘प्राचीन, जागृत आणि नवसाला पावणारा’ म्हणून ओळखले नाही. शेजारची एखादी ठळक, दुसरीकडे न आढळणारी वस्तू उचलली आणि तिच्यावरून देव कायमचा लक्षात ठेवला. तुझ्या परिचयात पदव्या आहेत, छंद आहेत, नाती आहेत. जिलबी मात्र नाही.

आणि ती तुझ्यापाशी आहे, हे मला ठाऊक आहे. गेल्या उन्हाळ्यात तू घरी आली होतीस तेव्हा पतसंस्थेतल्या तुझ्या खिडकीविषयी सांगत होतीस. नव्याने लग्न झालेल्या मुली विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र घेऊन खात्यावरचे नाव बदलायला येतात, नमुना सहीच्या कार्डावर नव्या आडनावाची सही करताना पहिल्या अक्षरापाशी पेन थांबते, कुणी घरून कागदावर गिरवून आणलेली असते, आणि एका आजींनी अंगठा सोडून साठाव्या वर्षी सही शिकल्यावर ती सलग चार पावत्यांवर निष्कारण करून पाहिली होती. तू हे बोलत होतीस तेव्हा मी चहा गाळायचा विसरले होते. एवढे सगळे जिच्या खिडकीसमोर रोज घडते तिने परिचयात ‘वाचनाची आवड’ लिहावी, याला काय म्हणावे? ‘मी अकरा वर्षे लोकांच्या सह्या पडताळते’ या एका वाक्याने सुरुवात केलीस, तरी उरलेल्या सात ओळींचे ओझे निम्मे होईल.

मात्र इथेच सावध राहावे लागेल. खातेदाराने खिडकीशी सांगितलेली गोष्ट ही संस्थेवर टाकलेला विश्वास असतो, म्हणून संस्थेचे नाव, शाखा आणि पेठ लिहू नकोस, आणि माणसे ओळखू येणार नाहीत इतपत वय, गाव आणि प्रसंग बदल. आजींना मात्र विचार; त्यांना बहुधा आनंदच होईल. मुलीचे नाव आणि शाळाही वगळ. तिने अजून तुझ्या वाचकांना भेटायचे ठरवलेले नाही.

टोपणनाव घ्यावे का, असेही तू विचारले आहेस. १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ विभावरी शिरूरकर या नावाने आले, त्यामागे मालतीबाई बेडेकर होत्या, आणि पुस्तकावर उठलेल्या वादळात ते नाव त्यांना ढालीसारखे उपयोगी पडले. तुझ्या लेखनावर तसे वादळ उठेल असे मला वाटत नाही, म्हणून स्वतःचेच नाव छाप. माहेरचे आडनाव लावायचे की सासरचे, हे तू ठरव. मी सुचवणार नाही. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात शासकीय कागदपत्रांवर वडिलांच्या नावाआधी आईचे नाव लिहिण्याचा नियम महाराष्ट्रात झाला आहे, तेव्हा तुझ्या खिडकीवर येणाऱ्या सह्या काही वर्षांनी आणखी लांबतील. एखादा लेख त्यावरही होऊ शकेल.

‘दर महिन्याला तुमच्या भेटीला येईन’ हे शेवटचे वाक्य काढून टाक. मार्चअखेरीस तुला श्वास घ्यायला सवड नसते, हे वाचकांना माहीत नसले तरी मला माहीत आहे.

दुसरा खर्डा शनिवारपर्यंत पाठव; संपादकांकडून दोन दिवस मागून घे, ते देतात. आणि छायाचित्रही बदल. कुणाच्या तरी लग्नातला समूहफोटो कापून पाठवलेला दिसतो, तुझ्या डाव्या खांद्यावर अजून कुणाची तरी चार बोटे आहेत.

तुझ्या,
बाई