रशियाच्या मुली फिगर स्केटिंगमध्ये एकाएकी कशा जिंकायला लागल्या?

तुमचा प्रश्न असा आहे : २०१४पर्यंत ज्या देशाला महिला एकेरीत ऑलिंपिकचं एकही सुवर्ण मिळालं नव्हतं, त्याच देशाच्या मुलींनी २०१४, २०१८ आणि २०२२ अशी सलग तीन सुवर्णं कशी नेली? थंड हवेचा देश म्हणून का?

हवामानाचं आधी सांगते, कारण हे उत्तर फार जण देतात. नॉर्वे, फिनलंड, कॅनडा हेही थंडच देश आहेत. शिवाय आता सगळं स्केटिंग बंदिस्त रिंकमध्ये, यंत्राने गोठवलेल्या बर्फावर होतं. थंडीचा फायदा असता तर तो पन्नास वर्षं आधीही मिळायला हवा होता.

रशियन स्केटर इरिना स्लुत्स्कायाच्या काळापासून मी हा खेळ मनापासून पाहत आलेय. तेव्हापासूनचं जे दिसलं त्यावरून मला वाटतं की हे एकाएकी झालेलंच नाही. खेळाचे नियम बदलले. त्या नियमांत चपखल बसेल अशी तयारी करणारी यंत्रणा रशियाने उभी केली. आणि लहान मुलीच्या शरीराला जे जमतं त्यावर त्या यंत्रणेने सगळा डाव लावला. यश त्यामुळेच आलं, आणि पुढे जे वाईट घडलं तेही त्यामुळेच.

सोव्हिएत काळापासून त्यांची खरी प्रतिष्ठा होती ती जोडी स्केटिंगमध्ये. १९६४ ते २००६ या काळातल्या एकूण एक ऑलिंपिकमध्ये जोडीचं सुवर्ण त्यांच्याकडेच गेलं, सलग बारा वेळा (त्यातलं २००२चं कॅनडाबरोबर वाटून). आइस डान्समध्येही त्यांचाच दबदबा. महिला एकेरीत मात्र अमेरिका आणि पूर्व जर्मनी पुढे असायच्या.

याला छेद देऊ शकली असती अशी एक मुलगी होती, येलेना वोदोरेझोवा. १९७६च्या इन्सब्रुक ऑलिंपिकमध्ये ती उतरली तेव्हा फक्त १२ वर्षांची होती. पुढे सांध्यांच्या आजाराने तिला गाठलं. तरीही १९८३मध्ये तिने जागतिक स्पर्धेत कांस्य मिळवलं. महिला एकेरीत सोव्हिएत संघाचं ते पहिलं जागतिक पदक. पुढच्याच वर्षी सारायेव्होला किरा इव्हानोवाने पहिलं ऑलिंपिक पदक आणलं, तेही कांस्यच. वोदोरेझोवाचं नाव लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे.

सोव्हिएत संघ फुटल्यावर पैसा आटला आणि कितीतरी नामवंत प्रशिक्षक अमेरिकेला निघून गेले. त्या पडत्या काळातही मारिया बुतिर्स्काया १९९९मध्ये जगज्जेती झाली, रशियाची पहिली महिला जगज्जेती, आणि तेही २६व्या वर्षी! नंतर स्लुत्स्काया. दोनदा जगज्जेती, सात वेळा युरोपची विजेती. ऑलिंपिकमध्ये मात्र २००२ला रौप्य आणि २००६ला कांस्य. तुरिनमध्ये ती पडली तो क्षण मला अजून त्रास देतो. गंभीर आजारातून उठून ती परत आली होती, आणि ते सुवर्ण तिला मिळायला हवं होतं असं मला आजही वाटतं.

तिच्यानंतर पोकळी आली. २०१०च्या व्हँकुव्हरमध्ये रशियाला फिगर स्केटिंगमध्ये एकही सुवर्ण मिळालं नाही. १९६०नंतर हे पहिल्यांदाच घडत होतं. आणि पुढचं हिवाळी ऑलिंपिक होतं त्यांच्याच घरी, सोचीला. ते यजमानपद २००७मध्येच मिळालं होतं, त्यामुळे पैसा आणि लक्ष दोन्ही तिकडे वळलेलं होतं. रशियात खेळाच्या सरकारी शाळांची जुनी पद्धत मोडकळीला आली तरी पुरती मेली नव्हती. चार-पाच वर्षांची मुलगी तिथे दाखल होते, ठरावीक पायऱ्या चढत जाते आणि दर वर्षी चाळणी लागते. गुणी मूल दिसलं की घरचे बिऱ्हाड हलवतात. पुढे नावाजलेल्या या तिघी पाहा : लिपनित्स्काया येकातेरिनबुर्गहून आईबरोबर मॉस्कोला आली. झागितोवा इझेव्स्कहून आली आणि आजीबरोबर राहिली. तुक्तामिशेवा ग्लाझोवसारख्या छोट्या गावातून सेंट पीटर्सबर्गला अलेक्सेई मिशिनकडे शिकण्यासाठी कित्येक वर्षं रेल्वेने ये-जा करत होती.

आता नियमांकडे येते, कारण खरी गोम तिथे आहे. पूर्वी स्केटरला बर्फावर पात्याने ठरावीक आकृत्या काढून दाखवाव्या लागत आणि त्याला गुण असत. त्या सफाईला वर्षानुवर्षांचा सराव लागे. १९९०नंतर तो भाग स्पर्धेतून गेला. मग २००२मध्ये सॉल्ट लेक सिटीला परीक्षकांच्या संगनमताचं प्रकरण गाजलं आणि सहापैकी गुण देण्याची जुनी पद्धत मोडीत निघाली. २००४पासून प्रत्येक उडीला, प्रत्येक गिरकीला ठरलेली किंमत आली. ती किती चांगली केली यावर गुण वाढतात किंवा कापले जातात. म्हणजे आता हिशेब मांडता येऊ लागला. लुट्झ हा उडीचा एक प्रकार. २०१८च्या हंगामापासून तीन गिरक्यांच्या, म्हणजे ट्रिपल लुट्झची मूळ किंमत ५.९० होती आणि चार गिरक्यांच्या, म्हणजे क्वाड लुट्झची ११.५०. जवळजवळ दुप्पट! हा तक्ता समोर ठेवून कुणीही प्रशिक्षक काय करेल?

पंधरा वर्षांची विजेती हा काही रशियाचा शोध नाही. सोन्या हेनी १९२८मध्ये पंधराचीच होती, १९९८मध्ये तारा लिपिन्स्कीही पंधराची होती. पण त्या अपवाद होत्या. रशियाने तो नेम करून टाकला.

सोचीत तेच झालं. १५ वर्षांच्या युलिया लिपनित्स्कायाने सांघिक सुवर्णात मोठा वाटा उचलला आणि सगळं जग तिच्या प्रेमात पडलं. वैयक्तिक स्पर्धेत मात्र जिंकली १७ वर्षांची अदेलिना सोत्निकोवा. दक्षिण कोरियाच्या युना किमला दुसरं ठेवण्यावरून वाद झाला, तो आजही शमलेला नाही, आणि मी स्वतः किमच्या बाजूची आहे. पण सोत्निकोवाच्या प्रशिक्षिकेचं नाव पाहा : येलेना बुयानोवा. लग्नाआधीची वोदोरेझोवा! बारा वर्षांची असताना इन्सब्रुकला उतरलेली तीच. महिला एकेरीत देशाला पहिलं जागतिक पदक तिने स्वतः मिळवून दिलं होतं आणि पहिलं ऑलिंपिक सुवर्ण तिच्या शिष्येने आणलं. म्हणूनच या कथेला एकाएकी म्हणणं मला पटत नाही.

लिपनित्स्कायाची प्रशिक्षक होती एतेरी तुतबेरिद्झे. मॉस्कोतल्या 'सांबो-७०' या क्रीडासंस्थेच्या ख्रुस्ताल्नी रिंकवर तिचा गट. सर्गेई दुदाकोव्ह उड्यांवर काम करणार, दानिल ग्लेखेनगाउझ नृत्यरचना करणार. कोल्हापूरच्या तालमीत पोरसवदा मल्ल जसा रोज नामांकित पैलवानाला डोळ्यांसमोर घाम गाळताना बघतो, तसं तिथे अकरा वर्षांची मुलगी जगज्जेतीच्या शेजारी सराव करते. जे शेजारची रोज करते ते अशक्य वाटेनासं होतं. आणि शेजारची आपली जागा घेऊ शकते हेही रोज दिसतं. त्या गटाची ताकद मला यातच दिसते.

त्या रिंकवरून आलेली येवगेनिया मेदवेदेवा २०१६ आणि २०१७ची जगज्जेती. २०१८च्या प्योंगचांग ऑलिंपिकचं सुवर्ण तिचंच असं सगळे धरून चालले होते. पण तिथे उतरली तिच्याच गटातली १५ वर्षांची अलिना झागितोवा. तेव्हा कार्यक्रमाच्या उत्तरार्धात केलेल्या उडीला दहा टक्के जास्त गुण मिळत, पाय थकलेले असतात म्हणून. झागितोवाने सगळ्याच्या सगळ्या उड्या उत्तरार्धात ठेवल्या. स्पर्धेचे दोन भाग असतात, आधी छोटा शॉर्ट प्रोग्राम आणि मग लांब फ्री स्केट. फ्री स्केटमध्ये दोघींना अगदी सारखे गुण पडले, १५६.६५. फरक राहिला तो शॉर्ट प्रोग्रामचा, १.३१ गुणांचा, आणि तेवढ्यावर सुवर्ण झागितोवाकडे गेलं. पहिला अर्धा भाग नुसत्या हातवाऱ्यांत जातो आणि मग उड्यांची रांग लागते, ही रचना मला कलेच्या दृष्टीने लंगडी वाटते. पण त्या वयात एवढा दमसास आणि एवढी शांत डोकं ठेवण्याची ताकद, याला तोड नाही. त्यानंतर नियम बदलला आणि फ्री स्केटमध्ये फक्त शेवटच्या तीन उड्यांना जादा गुण राहिले.

प्योंगचांगला दोन आठवडे होतात न होतात तोच बल्गेरियातल्या सोफियाच्या कनिष्ठ जागतिक स्पर्धेत त्याच गटातल्या अलेक्सांद्रा त्रुसोवाने चार गिरक्यांचा साल्को आणि चार गिरक्यांचा टो लूप मारला (हेही उडीचेच प्रकार). वय १३. महिलांमध्ये क्वाड याआधी झाला नव्हता असं नाही. जपानच्या मिकी आंदोने २००२मध्येच केला होता. पण त्रुसोवाबरोबर तो रोजचा मामला झाला. पाठोपाठ आन्ना श्चेरबाकोवा क्वाड लुट्झ घेऊन आली, तर अल्योना कोस्तोर्नाया साडेतीन गिरक्यांचा ट्रिपल अ‍ॅक्सेल घेऊन. या तिघींमध्ये मला सगळ्यात आवडायची ती कोस्तोर्नाया. क्वाड नसतानाही तिचं नुसतं बर्फावरून वाहत जाणं पाहत राहावं असं.

या काळातला एक निकाल मी मुद्दाम सांगते. डिसेंबर २०१८ची रशियाची राष्ट्रीय स्पर्धा, सारान्स्क. पहिल्या तीन जागा श्चेरबाकोवा, त्रुसोवा, कोस्तोर्नाया. तिघीही वयाने इतक्या लहान की मोठ्यांच्या जागतिक स्पर्धेला पाठवता येईनात. ऑलिंपिक विजेती झागितोवा पाचवी. मेदवेदेवा सातवी. आणि तीच झागितोवा तीन महिन्यांनी जपानमधल्या सैतामाला जाऊन जगज्जेती झाली! घरच्या स्पर्धेत पाचवी आणि जगात पहिली. हा एक निकाल सगळी परिस्थिती सांगून जातो.

पण इतक्या लहान मुलीच का? उडी मारल्यावर हवेत जेमतेम पाऊण सेकंद मिळतो. तेवढ्यात चार गिरक्या पूर्ण करायच्या तर शरीर अरुंद आणि हलकं हवं, हात छातीशी घट्ट. वयात येताना उंची वाढते, कमरेचा घेर वाढतो, आणि तेवढ्याच जोराने तेवढं फिरता येत नाही. म्हणजे ज्या वयात मुलगी खरं तर घडायला लागते, त्याच वयात तिचे गुण उतरतात. ती सावरेपर्यंत मागून नवी तेरा वर्षांची मुलगी आलेली असते. खाली उतरताना वजनाच्या कितीतरी पट भार त्याच एका पायावर येतो, दिवसातून अनेकदा. लिपनित्स्काया १९व्या वर्षी निवृत्त झाली आणि अ‍ॅनोरेक्सियावर (खाणं टाळत जाण्याच्या आजारावर) उपचार घेतल्याचं तिने जाहीरपणे सांगितलं. झागितोवा १७व्या वर्षी स्पर्धांपासून दूर झाली. पदकांची यादी वाचताना या वयांकडे पाहिलं की मला आनंद होत नाही.

बीजिंग २०२२ला हे सगळं जगासमोर आलं. १५ वर्षांची कमिला वालियेवा सांघिक स्पर्धेत क्वाड मारणारी ऑलिंपिकमधली पहिली महिला ठरली. लगेच कळलं की डिसेंबरमध्ये घेतलेल्या तिच्या नमुन्यात ट्रायमेटाझिडिन हे हृदयविकाराचं, खेळाडूंना बंदी असलेलं औषध सापडलं होतं. क्रीडा लवादाने तिला खेळू दिलं. फ्री स्केटमध्ये ती पुन्हा पुन्हा कोसळली आणि चौथी आली. बर्फावरून बाहेर येताच प्रशिक्षिकेने, म्हणजे तुतबेरिद्झेने, तिला जवळ घेण्याआधी लढणं का सोडलंस असा जाब विचारला, तो कॅमेऱ्यांनी टिपला. पाच क्वाड मारूनही दुसरी आलेली त्रुसोवा रडून ओरडत होती की आता पुन्हा बर्फावर उतरणार नाही. आणि सुवर्ण जिंकलेली श्चेरबाकोवा एका बाजूला एकटी, तिच्याकडे कुणाचं लक्षच नाही. मला त्या रात्री राग आला होता, आणि तो या मुलींवर नव्हता. पंधरा वर्षांच्या मुलीच्या शरीरात काय जातं याची जबाबदारी तिच्या भोवतीच्या मोठ्या माणसांची. पण २०२४मध्ये चार वर्षांची बंदी आली ती तिच्यावर.

मार्च २०२२मध्ये युक्रेनवरच्या हल्ल्यामुळे रशियाचे स्केटर आंतरराष्ट्रीय स्पर्धांमधून बाहेर काढले गेले. त्याच जूनमध्ये आंतरराष्ट्रीय संघटनेने मोठ्यांच्या गटाचं किमान वय टप्प्याटप्प्याने १५वरून १७वर नेलं, १०० विरुद्ध १६ मतांनी. मला हा निर्णय मनापासून योग्य वाटतो. रशिया बाहेर गेल्यानंतरच्या जागतिक स्पर्धा पाहा. जपानची काओरी साकामोतो क्वाड नसताना, ट्रिपल अ‍ॅक्सेलही नसताना, सलग तीन वर्षं जगज्जेती झाली. वेग, उडीची उंची आणि वयानुसार आलेली जाण या बळावर. रशियाच्या मुली स्पर्धेत असत्या तर हे झालं असतं का, असं लोक विचारतात. बहुधा नसतं झालं. पण मला साकामोतोचं स्केटिंग पाहायला जास्त आवडतं, एवढं नक्की.

रशियाचा साठा मात्र संपलेला नाही. २०२५च्या सप्टेंबरमध्ये बीजिंगच्या पात्रता स्पर्धेत तटस्थ खेळाडू म्हणून, म्हणजे देशाच्या नावाशिवाय, उतरलेली तुतबेरिद्झेचीच शिष्या आदेलिया पेत्रोस्यान पहिली आली आणि मिलान ऑलिंपिकला पात्र ठरली.

तुम्ही हे सगळं नव्याने पाहायला सुरुवात करणार असाल तर क्वाडपासून सुरुवात करू नका. येलिझावेता तुक्तामिशेवापासून करा. २०१५ची जगज्जेती, शॉर्ट प्रोग्राममध्ये ट्रिपल अ‍ॅक्सेल मारून जिंकलेली. तिची २०१४, २०१८, २०२२ अशी तिन्ही ऑलिंपिकं हुकली. दर वेळी तिच्या पुढे कुणीतरी लहान मुलगी होती. पण ती खेळत राहिली. २०२१मध्ये स्टॉकहोमच्या जागतिक स्पर्धेत पहिली श्चेरबाकोवा, तिसरी त्रुसोवा, दोघीही किशोरवयीन, आणि त्यांच्या मधोमध २४ वर्षांची तुक्तामिशेवा, तोच ट्रिपल अ‍ॅक्सेल घेऊन. आधी तिचा २०१५चा शॉर्ट प्रोग्राम बघा, मग २०२१चा. मधल्या सहा वर्षांत ती स्केटर म्हणून किती वाढली ते लगेच दिसेल.