उतारा हाताशी असलेलं औषध

गेल्या वेळी रक्ताच्या गुठळ्यांविषयी लिहिताना मी एक ओळ ओझरती लिहून गेलो होतो: न्यूक्लिक आम्लांपासून अशी औषधं घडवली जात आहेत, जी रक्त गोठू देत नाहीत आणि ज्यांचा परिणाम हवा तेव्हा काढून घेता येतो. त्या ओळीवर बरीच पत्रं आली. त्यातल्या काहींना इथे उत्तरं देतो.

वडिलांच्या हृदयात कृत्रिम झडप आहे, वॉरफरिन चालू आहे. हर्नियाच्या ऑपरेशनआधी पाच दिवस गोळी बंद करून पोटावर इंजेक्शनं घ्यायला सांगितली. एवढा खटाटोप कशाला? पातळ झालेलं रक्त पुन्हा घट्ट करणारं औषध नाही का? (सांगली)

‘रक्त पातळ करणारी गोळी’ हे नाव रूढ आहे, पण वरणात पाणी घालावं तसं रक्त या गोळीने पातळ होत नाही. ते असतं तेवढंच दाट राहतं, फक्त गोठायला वेळ लावतं. रक्त गोठतं ते एकामागून एक जागे होणाऱ्या प्रथिनांच्या साखळीमुळे. यकृत त्यातली चार प्रथिनं, म्हणजे घटक 2, 7, 9 आणि 10, व्हिटॅमिन के वापरून पूर्ण करतं. वॉरफरिन नेमकं तिथे अडवतं. पण आधीच रक्तात फिरत असलेले घटक संपायला वेळ लागतो, म्हणून गोळीचा गुण यायला दिवस लागतात. गोळी बंद केल्यावर यकृताला नवे घटक बनवायलाही तसेच दिवस लागतात.

उतारा आहे. व्हिटॅमिन के देता येतं, पण त्याला काही तास लागतात. फारच घाई असेल तर तयार घटकांचं इंजेक्शन किंवा प्लाझ्मा देतात. पण तुमच्या वडिलांच्या बाबतीत तो उतारा जास्त झाला, तर झडपेवरच गुठळी धरू शकते. म्हणून डॉक्टरांनी लांबचा पण हळू उतरणारा रस्ता धरला: गोळी सावकाश ओसरू द्यायची आणि मधल्या दिवसांत रक्त गोठू न देणारं, पण काही तासांत संपणारं हेपरिनच्या जातीचं इंजेक्शन द्यायचं. कुणाला असा पूल बांधायचा आणि कुणाला नाही, हे झडपेवर आणि रुग्णावर ठरतं. शेजाऱ्यांना वेगळं सांगितलं असेल तर त्यावरून आपलं ठरवू नका.

आम्ही बारावीला शिकतो की आरएनए माहिती वाहून नेतो. मग तो औषध कसा होतो? (नाशिक)

अगदी योग्य जागी बोट ठेवलं आहे. आरएनएचा एकेरी धागा सरळ राहत नाही. त्यातली अक्षरं आपापल्या जोडीदाराला शोधतात, धागा स्वतःवर दुमडतो आणि त्याला एक ठरावीक आकार येतो. आकार आला म्हणजे एखाद्या प्रथिनाच्या खाचेत घट्ट बसण्याची शक्यता आली. इथे धाग्यातला संदेश कुणी वाचत नाही, फक्त त्याचा आकार कामाला येतो. अशा धाग्याला अ‍ॅप्टामर म्हणतात. त्यात लॅटिनमधला ‘नेमका बसणारा’ या अर्थाचा शब्द आहे.

तो शोधायची रीत 1990 मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे मांडली: कोलोरॅडोत क्रेग टुर्क आणि लॅरी गोल्ड यांनी, बॉस्टनमध्ये अँड्र्यू एलिंग्टन आणि जॅक शोस्टाक यांनी. अक्षरांची मनमानी जुळणी असलेले कोटीच्या कोटीपट धागे एका नळीत घ्यायचे. त्यात आपल्याला हवं ते प्रथिन टाकायचं. जे धागे चिकटतील ते ठेवायचे, बाकीचे धुऊन काढायचे. उरलेल्यांच्या प्रती काढायच्या आणि पुन्हा तेच. धान्य पाखडावं तसं दहा-बारा वेळा पाखडलं की मूठभर उत्तम धागे हाती राहतात. 1992 मध्ये याच रीतीने थ्रॉम्बिनला, म्हणजे गुठळीचं जाळं विणायला लावणाऱ्या प्रथिनाला, पकडणारा डीएनएचा अवघ्या 15 अक्षरांचा धागा सापडला. या क्षेत्रातला तो आजही सर्वांत अभ्यासलेला धागा आहे.

मग याचा उतारा इतरांपेक्षा वेगळा कसा? (पुणे)

मला या विषयाचं वेड लागलं ते याच प्रश्नामुळे. एरवी औषध एक आणि त्याचा उतारा शोधणं हे दुसरं, तितकंच मोठं काम असतं. डॅबिगॅट्रान ही रक्त गोठू न देणारी गोळी बाजारात आली 2010 च्या सुमारास, तिला पकडणारं प्रतिपिंड इडारुसिझुमॅब अमेरिकेत मंजूर झालं 2015 मध्ये. मधली वर्षं डॉक्टरांनी आणि रुग्णांनी जीव मुठीत धरून काढली.

अ‍ॅप्टामरचा उतारा मात्र त्याच्या अक्षरांतच लिहिलेला असतो. आरएनएमध्ये ए ची जोडी यू शी, जी ची सी शी. औषधाचा क्रम माहीत असला की त्याच्या उलट जोडीचा छोटा धागा कागदावर मांडता येतो. तो शिरेतून दिला की रक्तात औषधाला गाठतो, त्याच्याशी जोडी जमवतो आणि घडी उलगडतो. घडी मोडली की आकार गेला, आकार गेला की प्रथिनावरची पकड सुटली. काही मिनिटांत रक्त पुन्हा गोठू लागतं.

अमेरिकेत ड्यूक विद्यापीठातल्या ब्रूस सलेंजर आणि क्रिस्टोफर रस्कोनी यांच्या गटाने 2002 मध्ये हे घटक 9 च्या बाबतीत करून दाखवलं. (हा घटक जन्मतः कमी असला की हिमोफिलिया बी होतो. तो दाबला तर रक्त गोठणं थांबतं, हे निसर्गानेच दाखवलेलं होतं.) त्यातून पेग्निवाकोजिन हे औषध आणि अॅनिव्हामर्सेन हा त्याचा उतारा अशी जोडी तयार झाली. उताऱ्याची मात्रा कमी-जास्त करून परिणाम अर्धा काढायचा की पूर्ण, हेही ठरवता येत होतं. दिव्याला बटणाऐवजी रेग्युलेटर असावा, तसं.

इतकं चांगलं आहे तर आमच्या वॉर्डात का नाही? (एक निवासी डॉक्टर, मुंबई)

कारण मोठ्या चाचणीत ते हरलं, आणि ते कसं हरलं हे नीट सांगायला हवं.

अँजिओप्लास्टीच्या रुग्णांवर ही जोडी तपासण्यासाठी 13,200 जणांची चाचणी आखली होती. जुलै 2014 मध्ये, 3,232 जणांची नोंद झाल्यावर, ती थांबवावी लागली. औषध दिलेल्या 1,605 रुग्णांपैकी दहा जणांना तीव्र अ‍ॅलर्जी झाली, त्यातला एक दगावला. तुलनेसाठी बायव्हॅलिरुडिन हे रक्त गोठू न देणारं जुनं औषध दिलेल्या 1,601 मध्ये अशी एकच घटना होती.

पुढे शोध घेतल्यावर बोट आरएनएकडे गेलं नाही. मूत्रपिंडातून धागा लगेच गाळला जाऊ नये म्हणून त्याला पॉलिएथिलीन ग्लायकॉलची, म्हणजे पीईजीची, लांब शेपटी जोडली होती. पीईजी बद्धकोष्ठाच्या पावडरीत असतं, सौंदर्यप्रसाधनांत असतं. काही माणसांच्या रक्तात त्याविरुद्ध प्रतिपिंडं आधीच असतात आणि ती भरपूर असलेल्यांनाच हा त्रास झाल्याचं दिसलं. आधीच्या 640 जणांच्या चाचणीतही अशा तीन घटना घडल्या होत्या. तेव्हाच थांबून शेपटी बदलायला हवी होती, असं माझं स्पष्ट मत आहे.

पण सगळं खापर पीईजीवर फोडू नका. त्या चाचणीत हृदयविकाराच्या घटना दोन्ही गटांत जवळपास सारख्याच होत्या, मोठे रक्तस्राव दोन्हीकडे थोडेच होते, पण लहान-मोठे मिळून रक्तस्राव नव्या औषधावर 104 जणांना झाले, जुन्यावर 65 जणांना. बायव्हॅलिरुडिन मुळातच अर्ध्या तासाच्या आत निम्मं ओसरतं. जे आपणहून इतक्या लवकर उतरतं, त्याच्यापुढे उताऱ्याचा फायदा दाखवणं अवघडच होतं. ही जोडी जिथे रक्त गोठू देणं आणि न देणं या दोन्ही गोष्टी जीवघेण्या ठरतात, तिथे आधी न्यायला हवी होती.

आरएनए शरीरात सोडल्याने आपली जनुकं बदलतील का?

नाही. हा धागा रक्तात प्रथिनाला बाहेरून चिकटतो, कुठलाही संदेश देत नाही आणि मोडून बाहेर पडतो.

हेपरिन डुकरापासून काढतात हे खरं का? आम्ही शाकाहारी आहोत. (कोल्हापूर)

खरं आहे. आज मिळणारं बहुतेक हेपरिन डुकराच्या आतड्याच्या अस्तरापासून काढतात. बायपासनंतर त्याचा परिणाम उतरवणारं प्रोटामाइन मुळात सामन माशाच्या शुक्राणूंमधून मिळालं. यात श्रद्धेइतकाच सुरक्षिततेचाही प्रश्न आहे. 2007-08 मध्ये चीनमधून आलेल्या कच्च्या हेपरिनमध्ये हेपरिनसारखाच दिसणारा दुसरा पदार्थ मिसळलेला निघाला आणि अमेरिकेत रुग्ण दगावले. अ‍ॅप्टामर प्रयोगशाळेत अक्षराला अक्षर जोडून बनवतात, प्राणी लागत नाही. पण ती औषधं हाती येईपर्यंत, जीव वाचवण्यासाठी डॉक्टर हेपरिन देत असतील तर ते घ्या, आणि तुमची अडचण त्यांना मोकळेपणाने आधी सांगा.

आईला अपिक्सॅबान ही रक्त गोठू न देणारी गोळी चालू आहे. नव्या औषधाची वाट पाहावी का? (पणजी)

वाट पाहू नका. काम मात्र थांबलेलं नाही. नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठात आरएनएची घडी घालून तिच्यावर थ्रॉम्बिन पकडणारे दोन अ‍ॅप्टामर बसवले गेले. थ्रॉम्बिनला दोन बाजूंनी धरल्यामुळे पकड घट्ट होते, आणि उलट जोडीचा धागा दिला की सुटते. जिनिव्हा आणि सिडनी इथल्या संशोधकांनी 2024 मध्ये थ्रॉम्बिनला दोन जागी धरणारे दोन लहान रेणू न्यूक्लिक आम्लासारख्या कृत्रिम दुव्याने जोडले, तो दुवा उताऱ्याने सुटतो. पक्षाघातात मेंदूची रक्तवाहिनी तुंबते, तिच्यासाठीचा एक अ‍ॅप्टामर आपल्या उताऱ्यासह माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत आला आहे. माझी खरी आशा त्याच्यावर आहे. तिथे वाहिनी उघडणं निकडीचं असतं आणि मेंदूत रक्तस्राव झाला तर औषध तत्क्षणी काढून घ्यावं लागतं.

यातलं काहीही आईच्या रोजच्या गोळीची जागा घेणारं नाही, ही सगळी शिरेतून द्यायची औषधं आहेत. तिची गोळी वेळेवर चालू ठेवा. तिच्या पर्समध्ये एक चिठ्ठी असू द्या: गोळीचं नाव, मात्रा, घ्यायची वेळ, मूत्रपिंडाच्या तपासणीचा शेवटचा आकडा. अपघात झालाच, तर कॅज्युअल्टीतला डॉक्टर आधी हेच विचारेल की शेवटची गोळी किती वाजता घेतली होती.