स्वयंचलित की स्वायत्त?

प्रश्न: ड्रोनच्या बातम्यांत एकाच शस्त्राला कधी ‘स्वयंचलित’ तर कधी ‘स्वायत्त’ म्हटलेले असते. दोन्ही चालतात का? आणि ‘शस्त्रे’ म्हणावे की ‘शस्त्रास्त्रे’?

नाही चालत. बातमीदार मंडळी हे दोन शब्द बिनदिक्कत एकमेकांच्या जागी खपवतात, म्हणून पुन्हा सांगणे आले. एके-४७ स्वयंचलित आहे. चाप दाबून धरला की गोळीमागचा थोडा वायू नळीतून वळून दट्ट्याला मागे रेटतो, रिकामी पुंगळी बाहेर पडते, नवी गोळी आत बसते आणि उडते. चाप सोडला की सारे थांबते. भरणे आपोआप होते, नेम माणसाचा. इस्रायली हार्पी या स्फोटके वाहणाऱ्या ड्रोनचे तसे नाही. एकदा सोडली की ती नेमून दिलेल्या टापूवर घिरट्या घालते, शत्रूच्या रडारच्या लहरी हुडकते आणि त्या रडारवर जाऊन आदळते. कोणत्या रडारवर आणि कधी, हे तिचे तीच ठरवते. ही स्वायत्त. अमेरिकी संरक्षण खात्याच्या ३०००.०९ क्रमांकाच्या निर्देशातली (२०१२, सुधारित २०२३) कसोटीही हीच आहे: चालू केल्यावर माणसाने पुन्हा हात न लावता शस्त्र लक्ष्य निवडून मारा करू शकते का?

आता खरी गंमत. हल्ली ‘स्वायत’ असेही छापलेले दिसते, एकाच त-चे. ‘स्वायत्त’ म्हणजे स्व + आयत्त, आणि ‘आयत्त’ म्हणजे आ + यत् हा धातू + क्त हा प्रत्यय (त्याचा त तेवढा उरतो). एक त धातूचा, दुसरा प्रत्ययाचा; दोन्ही हवेत. अर्थ: एखाद्याच्या हाती असलेले, त्याच्यावर अवलंबून. ‘वेणीसंहार’ नाटकातला कर्ण म्हणतो, ‘दैवायत्तं कुले जन्म मदायत्तं तु पौरुषम्’. कुळ दैवाच्या हाती, पराक्रम माझ्या. एक त गाळलात की उरतो ‘आयत’, आणि तो यम् धातूचा: ताणलेला, लांबवलेला. भूमितीतला आयत तोच. म्हणजे ‘स्वायत शस्त्र’ हा आपला आपणच लांबट झालेला चौकोन!

आणि आपला ‘आयता’? माझे मत पक्के आहे, तोही आयत्तचाच वंशज. दोन स्वरांमधला एकटा त प्राकृतात गळतो (संस्कृत शत, प्राकृत सय, मराठी शे), जोडीने आलेला टिकतो (सप्त, सत्त, सात; भक्त, भत्त, भात). ‘आयता’ची व्युत्पत्ती ‘आयत’पासून लावू पाहणाऱ्यांनी त्यातला त कसा वाचला, ते आधी सांगावे.

‘यंत्राला कसला आलाय स्व? स्वयंनिर्णयी म्हणा’ असा सल्ला देणारेही आहेत. स्वयंनिर्णय हा आंतरराष्ट्रीय कायद्यात लोकसमूहांचा हक्क. १९६६च्या दोन्ही मानवी हक्क करारांचे पहिलेच कलम त्याबद्दल आहे. तो आता ड्रोनला बहाल करायचा? शिवाय मराठीतला स्वायत्त मोकाट कधीच नव्हता. स्वायत्त महाविद्यालय अभ्यासक्रम आखते, परीक्षा घेते, पदवी मात्र विद्यापीठाची. शस्त्र लक्ष्य निवडेल, पण जबाबदारी यंत्रावर ढकलता येत नाही, असे स्वायत्त शस्त्रांबद्दल देशोदेशींच्या प्रतिनिधींनी जिनिव्हात २०१९मध्ये मान्य केलेली ११ मार्गदर्शक तत्त्वेही सांगतात. युद्धाचे नियम घालून देणाऱ्या जिनिव्हा करारांच्या १९७७च्या पहिल्या प्रोटोकॉलचे (पुरवणी कराराचे) कलम ५७ तर म्हणते की लक्ष्य लष्करी नाही असे उघड होताच हल्ला रद्द करा किंवा थांबवा. (भारत या प्रोटोकॉलमध्ये नाही. २०२३च्या डिसेंबरात स्वायत्त शस्त्रांवरचा ठराव संयुक्त राष्ट्रांच्या महासभेत १५२ विरुद्ध ४ मतांनी संमत झाला, त्या चारांत भारत होता.) हार्पी लहर ओळखते; रडारला लागून वस्ती आहे की नाही, हे त्या लहरीत लिहिलेले नसते. म्हणून टापू आणि वेळ आधीच बांधून देणे सोडणाऱ्या अधिकाऱ्याच्या आयत्त.

दुसरा प्रश्न राहिलाच. हातात धरून मारायचे ते शस्त्र, सोडायचे किंवा फेकायचे ते अस्त्र (अस् म्हणजे फेकणे). त्या हिशेबाने हार्पी अस्त्रच. पण ‘स्वायत्त अस्त्रे’ कोणी लिहीत नाही, तेव्हा ‘शस्त्रे’ चालवून घ्या; ‘शस्त्रास्त्रे’ सगळा साठा मोजताना वापरा.