अमेरिकेत आरव्हीने (राहण्याची सोय असलेल्या गाडीने) फिरताना वाटेत बिघाड झाला, तर भरवशाचा मोबाइल टेक्निशियन, म्हणजे गाडीपाशी येऊन दुरुस्ती करणारा माणूस, कसा शोधावा?

मोबाइल टेक्निशियन सहसा राहण्याच्या भागाचं काम करतात: फ्रिज, वॉटर हीटर, फर्नेस (गाडी गरम ठेवणारा हीटर), स्लाइड-आउट (बाहेर सरकून खोली मोठी करणारा भाग), गॅस. इंजिनासाठी वेगळा मेकॅनिक लागतो.

आधी कॅम्पग्राउंडच्या ऑफिसात विचारा. तिथे नेहमी कामाला येणारा माणूस त्यांनी पारखलेला असतो. मग फोनवर प्रमाणपत्र विचारा: टेक्सासमधल्या अथेन्सची नॅशनल आरव्ही ट्रेनिंग अकॅडमी किंवा इंडियानातल्या एल्कहार्टची आरव्ही टेक्निकल इन्स्टिट्यूट. विमा आहे का, येण्याचा चार्ज किती आणि त्यात पहिला तास धरलाय का, हे मेसेजवर लेखी घ्या. निदानाआधीच पार्टचे पूर्ण पैसे मागणारा नको.

खरी पारख गॅसच्या कामात होते. काम झाल्यावर मॅनोमीटर (गॅसचं प्रेशर मोजणारं यंत्र) लावून प्रेशर टिकतं का आणि रेग्युलेटर ११ इंच वॉटर कॉलमच्या (गॅसच्या प्रेशरचं माप) आसपास प्रेशर देतो का, हे जाणकार माणूस न सांगता तपासतो. नुसतं साबणाचं पाणी लावून निघणाऱ्याला थांबवा, हा जिवाचा प्रश्न आहे.

फोन करण्यापूर्वी उपकरणाच्या प्लेटचा फोटो काढा. मॉडेल आणि सिरियल नंबर कळला की टेक्निशियन योग्य पार्ट घेऊनच येतो. फ्रिज गॅसवर पेटत नसेल तर बॅटरीही बघा, कारण गॅसवर असतानाही कंट्रोल बोर्डाला १२ व्होल्ट लागतात. वॉरंटी चालू असेल तर कंपनीची मंजुरी मिळेपर्यंत स्क्रूसुद्धा उघडू देऊ नका.