पुरंदरच्या कोरडवाहू गावात काम सुरू करतेयस, तर

बोअरची जागा ठरवण्याआधी विहिरी बघ. आपल्याकडच्या काळ्या पाषाणात पाणी असतं ते वरच्या मुरमात आणि भेगांत. खोल बोअर पुष्कळदा शेजाऱ्याच्या विहिरीचंच पाणी ओढतं, आणि गावात हे उघड कुणी बोलत नाही.

सकाळी मोटर सुरू व्हायच्या आत टेप सोडून पातळी मोज. मोटर बंद झाल्यावर विहीर किती वेळात भरते, तेही लिही. दिवाळीच्या सुमारास एकदा, एप्रिलात एकदा. त्याच विहिरी, मोजायचं काठावरच्या त्याच खुणेपासून. आकडे ग्रामसभेत ठेवलेस की आहे त्या पाण्यात कांदा किती लावायचा आणि ज्वारी-हरभरा किती, हे बोलणं हवेत राहत नाही.

पुरंदरमधल्याच नायगावचा अभ्यास करच. १९७२च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी तिथे पाणी पंचायत उभी केली. पाण्याचा वाटा जमिनीवर नाही, घरातल्या माणसांवर: माणशी अर्ध्या एकरापुरतं पाणी, ऊस बंद, भूमिहीनालाही हक्क. याहून न्याय्य हिशेब मला तरी माहीत नाही.

बायकांना मात्र वेगळं भेट. कोणती विहीर आधी आटते, हे हंडा भरणारीला विचारावं. पुरुषांच्या बैठकीत ते कळत नाही.