पहिली नोकरी घेताना: मूळ कागदपत्रं कुणाच्याही कपाटात ठेवू नका

डॉक्टर, तुमची पोस्ट वाचली आणि राहवलं नाही. इंटर्नशिप संपली, पशुवैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक आला, समोर तीन नोकऱ्या आहेत: पुण्यातलं कुत्र्यामांजरांचं क्लिनिक, पोल्ट्री कंपनीचं फील्डवर्क आणि पश्चिम महाराष्ट्रातला एक दूध संघ. पगार पोल्ट्रीत सगळ्यात जास्त. जाता जाता तुम्ही लिहिलंय की क्लिनिकवाले दोन वर्षांचा बाँड (मुदतीआधी नोकरी सोडली तर पैसे भरायचा करार) आणि ‘सेफ कस्टडी’ म्हणून मूळ पदवी प्रमाणपत्र मागतायत. बाकी सगळे पगारावर बोलले. मला त्या शेवटच्या ओळीवर बोलायचंय.

देऊ नका. झेरॉक्स द्या, साक्षांकित प्रती द्या, मूळ प्रत समोर दाखवा आणि परत पिशवीत ठेवा.

माझ्या पहिल्या नोकरीत हेच झालं. संस्थेचं नाव घेत नाही. रुजू होताना पदवी, गुणपत्रिका, नोंदणी प्रमाणपत्र, सगळं मुख्य कार्यालयाने जमा करून घेतलं. सगळेच देत होते. पुढे पशुधन विकास अधिकारी पदासाठी लोकसेवा आयोगाचं मुलाखतीचं पत्र आलं, मूळ कागदपत्रांसह हजर राहा म्हणून. मी अर्ज केला. शाखा म्हणाली, मुख्य कार्यालयाचं पत्र लागेल. मुख्य कार्यालय म्हणालं, आधी शाखेकडून ना-देय दाखला, म्हणजे तुमच्याकडे काही येणं नाही असा कागद, आणा. दाखला मागितला तर औषधसाठ्याचा मेळ लागत नाही म्हणे. मी बसून रजिस्टरचा मेळ लावून दिला, तोवर सही करणारे साहेब रजेवर. यात कुणी एकदाही ‘देणार नाही’ म्हणालं नाही. ‘देतो की मॅडम, नियमाने होऊ द्या’ एवढंच. मुलाखतीची तारीख निघून गेली आणि त्या जाहिरातीतलं पद माझ्यापुरतं संपलं.

मधल्या काळात एका हितचिंतकाने सुचवलं, हरवली म्हणून पोलिसांत तक्रार द्या, विद्यापीठाकडून दुय्यम प्रत काढा. कागद हरवलेले नव्हते, ते कुठे आहेत हे मला पक्कं ठाऊक होतं. खोटं प्रतिज्ञापत्र मी केलं नाही, तुम्हीही करू नका. शेवटी वकिलाची नोटीस गेली आणि काही दिवसांत पाकीट घरी आलं. पदवीच्या डाव्या कडेला पंचिंग मशीनची दोन भोकं, त्यातलं एक विद्यापीठाच्या बोधचिन्हातून आरपार. साडेपाच वर्षांचं शिक्षण त्यांनी फाइलला लावून ठेवलं होतं. अजून आठवलं की संताप होतो.

मी वकील नाही, पण बाँडबद्दल ऐकीव गोष्टींवर जाऊ नका. ‘बाँडला काही किंमत नसते’ असं सीनियर सांगतील, ते पूर्ण खरं नाही. भारतीय करार कायद्याच्या कलम 74 प्रमाणे करारात जी रक्कम लिहिली असेल ती कमाल मर्यादा धरून वाजवी भरपाई मागता येते. म्हणजे आकडा वाचूनच सही करा. कोरा चेक तर अजिबात देऊ नका.

आता नोकऱ्यांबद्दल. ही माझी मतं आहेत, पटली नाहीत तर सोडून द्या. पोल्ट्रीत पैसा आहे, शवविच्छेदनावर हात बसतो, पण दोन-तीन वर्षांनी गाईम्हशींकडे किंवा सर्जरीकडे परतणं जड जातं. क्लिनिकमध्ये विचारा की पहिल्या सहा महिन्यांत स्पे-कॅस्ट्रेशन, म्हणजे नसबंदीच्या शस्त्रक्रिया, तुमच्या हाताने होणार, की लसी, नखं आणि बिलिंग. उत्तर गुळमुळीत आलं तर समजून जा.

मी तुमच्या जागी असते तर दूध संघ घेतला असता, पण एका अटीवर: रात्री अडलात तर फोन कोण उचलणार? पहिल्या पावसाळ्यात एका वस्तीवर म्हैस अडली होती, गर्भाशयाला पीळ. हात घातला तर योनीमार्गातल्या वळ्या उजवीकडे फिरलेल्या. पुस्तकात वाचलेलं सगळं डोक्यातून गेलं. सीनियरांना फोन लावला. ते झोपेतून उठून शांतपणे म्हणाले, “उजव्या कुशीवर पाडा, पोटावर फळी ठेवा, एक माणूस फळीवर, आणि उजव्याच अंगाला गडगडवा. प्रत्येक वेळी हात घालून बघा.” पीळ सुटला, रेडकू जिवंत आलं. असा माणूस त्या नोकरीत आहे का, हे पगाराआधी विचारा. तिथे आधी काम करून गेलेल्यांना गाठून विचारलं तर आणखी बरं.

मुलाखतीला गेलात की औषधांचं कपाट बघा. वेदनाशामकं बघा: जनावरांसाठी डायक्लोफेनॅक 2006 पासून बंद आहे, केटोप्रोफेन आणि असेक्लोफेनॅक 2023 पासून. ही औषधं दिलेली मेलेली जनावरं खाऊन गिधाडं मेली, त्यापायी. तरी याच औषधांच्या माणसांसाठीच्या बाटल्या मागच्या रांगेत दिसल्या, तर उद्या तिथे तुम्हाला आणखी काय करायला लावतील याचा अंदाज करा. विम्याचंही तसंच. न पाहिलेल्या जनावराच्या शवविच्छेदन अहवालावर ‘कानातल्या बिल्ल्याचा नंबर लिहा नि सही करा’ म्हणणारा मॅनेजर तुम्हाला भेटणारच. 1984 च्या पशुवैद्यक परिषद कायद्याने दाखल्यावर सहीचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकाला दिलाय. पुढे चौकशी झाली तर कागदावर नाव तुमचं असेल, मॅनेजरचं नाही.

एक वेगळंच, पण सांगायलाच हवं. रुजू होण्याआधी रेबीजची प्रतिबंधक लस पूर्ण करून घ्या. आणि व्याल्यावर वार (जार) अडकलेल्या गाईत खांद्यापर्यंतच्या मोज्याशिवाय हात घालू नका, गोठ्यात कितीही घाई चालली असली तरी. जनावरांकडून माणसाला लागणाऱ्या ब्रुसेला जंतूचा ताप महिनोन्‌महिने सोडत नाही, माझ्या बॅचमेटने भोगलाय. मोजे कंपनी देते का, तेही विचारा. लाजू नका.

क्लिनिकवाल्यांना साधा मेल करा: मूळ प्रती पडताळणीसाठी दाखवेन, जमा करणार नाही. फोनवर बोलणं झालं तरी मेल कराच, लेखी राहू द्या. त्यावर ते काय म्हणतात ते कळवा. बाँडचा मसुदा आला तर नावं झाकून मला पाठवा, रविवारी वाचून सांगते.